कलती कंबर आणि व्यायाम

मोघमपणे ‘कंबर’ म्हटल्या जाणाऱ्या भागाच्या आत हाडांचे एक रुंद कडे असते. हीच श्रोणी. दोन बाजूंना दोन नितंबास्थी, मागे मधोमध त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड अशी तिची रचना. धड, डोके आणि हात यांचा भार कण्यातून त्रिकास्थीवर उतरतो, तिथे दोन वाटांना फुटतो आणि खुब्यांतून पायांत जातो. पाऊल पडताना बसणारा जमिनीचा धक्का याच वाटेने उलटा वर चढतो. साहजिकच श्रोणीची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी उंच किंवा थोडी पुढे असली, तर वर पाठीला आणि खाली गुडघ्या-घोट्यांना त्याची कुठे ना कुठे भरपाई करावी लागते. बहुतेकांना ती आयुष्यभर जाणवत नाही. काहींना मात्र खांद्यावर बारबेल घेतल्यावर किंवा रोज पाच-सात किलोमीटर धावू लागल्यावर जाणवते, आणि मग ‘तुमची कंबर वाकडी आहे’ हे वाक्य कुणाकडून तरी ऐकायला मिळते.

हा वाकडेपणा साधारण तीन प्रकारचा असतो. पहिल्यात एक बाजू वर आणि दुसरी खाली असते. पँटचा पट्टा कलता दिसतो आणि शिंप्याला एक पाय अर्धा सेंटिमीटर आखूड कापावा लागतो. दुसऱ्यात श्रोणी उभ्या अक्षाभोवती किंचित फिरलेली असते, म्हणजे वरून पाहिल्यास एक खुबा पुढे आणि एक मागे. तिसऱ्यात एक नितंबास्थी दुसरीपेक्षा पुढच्या बाजूला जास्त झुकलेली असते. प्रत्यक्षात हे तिन्ही कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात. दोन्ही बाजू सारख्याच पुढे झुकलेल्या असणे ही यांहून वेगळी गोष्ट आहे, जरी जिममध्ये दोन्हींची सर्रास गल्लत होते. तो झुकाव तर बहुसंख्यांत असतो. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणतेही दुखणे नसलेल्या १२० जणांची मोजमापे घेतली, तेव्हा ८५ टक्के पुरुषांची आणि ७५ टक्के स्त्रियांची श्रोणी पुढे झुकलेली निघाली. एवढ्या निरोगी माणसांत दिसणाऱ्या गोष्टीला दोष म्हणणे कठीण आहे.

दोन बाजूंतला फरकही तितकाच सर्वत्र आढळतो. प्रत्येक नितंबास्थी लहानपणी तीन वेगवेगळ्या हाडांची असते आणि ती हाडे किशोरवयात खुब्याच्या खोबणीत एकमेकांना सांधतात. इतकी वर्षे दोन्हीकडची वाढ मिलिमीटरच्या हिशेबाने सारखी होईल अशी अपेक्षा धरणेच चुकीचे. गॅरी नुटसन यांनी २००५ मध्ये पायांच्या लांबीविषयीच्या क्ष-किरण मोजमापांचा आढावा घेतला. त्यात सुमारे ९० टक्के लोकांच्या दोन पायांत काही ना काही फरक होता आणि त्याची सरासरी ५.२ मिलिमीटर होती. बहुतेकांच्या बाबतीत साधारण २० मिलिमीटरपर्यंतचा फरक वैद्यकीयदृष्ट्या फारसा महत्त्वाचा ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००८ मधल्या एका अभ्यासात ३० मृतदेहांच्या श्रोणी मोजल्या गेल्या. पुढचा आणि मागचा हाडाचा उंचवटा जोडणाऱ्या रेषेचा कल, श्रोणी एकाच स्थितीत ठेवूनही, कुणात शून्य तर कुणात २३ अंश भरला; एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूंत ११ अंशांपर्यंत फरक सापडला. फिजिओथेरपिस्ट किंवा ट्रेनर बोटांनी चाचपून ‘डावी बाजू पुढे झुकली आहे’ असे सांगतो, तेव्हा तो नेमके हेच उंचवटे चाचपत असतो. त्याच्या बोटांना लागलेला फरक हाडाच्या जन्मजात आकाराचा असू शकतो, झुकावाचा असेलच असे नाही.

शरीराच्या आतही समतोल नाहीच. सुमारे दीड किलोचे यकृत उजवीकडे, हृदय डावीकडे कललेले, श्वासपटलाची उजवी बाजू डावीपेक्षा भक्कम. या आतल्या असमानतेवर अमेरिकेत एक आख्खी व्यायामपद्धती उभी राहिली आहे. नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरात रॉन ह्रुस्का यांनी स्थापन केलेल्या संस्थेत असे शिकवले जाते, की माणूस मुळातच उजव्या पायावर रेलतो आणि त्याची डावी नितंबास्थी पुढे झुकून फिरते; श्वसनाच्या विशिष्ट व्यायामांनी ही घडी बदलावी. निरीक्षण म्हणून हे विचार करण्याजोगे आहे. पण सगळ्यांना एकच साचा लावावा एवढा पुरावा त्यामागे नाही, आणि पद्धतीचे अनुयायी तो लावताना फारसा संकोच करत नाहीत.

कारणांचा विचार करताना हाडांचा फरक आणि वापरण्यातला फरक वेगळा काढावा लागतो, कारण व्यायाम दुसऱ्यावर चालतो, पहिल्यावर नाही. हाडांच्या फरकात पायाची लांबी, जन्मतः उथळ असलेली खुब्याची खोबणी, जुने अस्थिभंग, खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर राहिलेले अंतर आणि कण्याचा बाक येतो. किशोरवयीन मुलांपैकी दोन ते तीन टक्क्यांत हा बाक दहा अंश किंवा अधिक असतो. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला असला, तरी लहानपणी झालेल्या पोलिओने एका पायाची वाढ खुंटलेली माणसे आजही मध्यमवयात आहेत, आणि त्यांच्यातला फरक काही मिलिमीटरांत नव्हे तर सेंटिमीटरांत मोजावा लागतो.

वापरण्यातल्या फरकाची कारणे अधिक गुंतागुंतीची असतात. कधीकाळी मुरगळलेला आणि नीट मोकळा न झालेला घोटा, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया, एका बाजूचे पाठीचे दुखणे यांमुळे शरीर नकळत दुसऱ्या बाजूवर जाते आणि दुखणे सरल्यावरही तिथेच राहते. एकाच हाताने खेळायचे खेळही आपली खूण सोडतात. वेगवान गोलंदाजाच्या कमरेजवळच्या खोल स्नायूंची जाडी दोन बाजूंना वेगळी होऊ शकते आणि त्याच्या मणक्यातला ताणामुळे होणारा अस्थिभंग बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला होतो. मूल नेहमी डाव्या कडेवर घेणे, उभे असताना एकाच पायावर भार देणे, मांडी घालताना नेहमी तोच पाय वर घेणे या सवयींवर मात्र वाजवीपेक्षा जास्त खापर फुटते. प्रौढ माणसाची श्रोणी त्यांनी कायमची वाकडी होते, याला आधार तुटपुंजा आहे. शरीराला कोणती बाजू सोयीची वाटते, एवढे त्यांवरून कळते.

त्रिकास्थी आणि नितंबास्थी यांच्यातला सांधा ‘सरकला’ आणि मग ‘बसवला’ ही कल्पना लोकप्रिय आहे. कंबर धरली की ती बसवून देणाऱ्याकडे जाण्याची रीत गावोगाव आहे आणि शहरातल्या काही चकचकीत दवाखान्यांतही वेगळ्या भाषेत तेच सांगितले जाते. हा सांधा मुळात जाड बंधनांनी जखडलेला असतो. १९८९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हाडांत बारीक धातूचे मणी बसवून क्ष-किरणांनी त्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंश आणि ०.७ मिलिमीटर भरली. १९९८ मध्ये याच तंत्राने, हाताने केलेल्या उपचाराच्या आधी आणि नंतर, दहा रुग्णांच्या सांध्याची जागा तपासली गेली. उपचार करणाऱ्यांच्या चाचणीनुसार सांधा जागेवर आला होता. मोजमापात हाड हललेले नव्हते. रुग्णाला बरे वाटते हे खोटे नसते, पण ते बहुधा स्नायू सैलावल्याने आणि वेदनेची जाणीव तात्पुरती कमी झाल्याने वाटते. ट्रेनरच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की दर आठवड्याला कंबर ‘सरळ करून घेऊन’ मग वजन उचलणे हा आराखडा टिकणारा नाही.

चालताना, धावताना आणि जिना चढताना माणूस क्षणोक्षणी एका पायावर उभा असतो, आणि श्रोणीची खरी कसोटी तिथे लागते. उजवा पाय उचलला की शरीराचे वजन उजवी बाजू खाली ओढते. डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, म्हणजे नितंबाचा मधला स्नायू, तिला धरून ठेवतो. पण तो सी-सॉच्या आखूड बाजूला बसलेला आहे: खुब्याच्या केंद्रापासून त्याचे अंतर शरीराच्या भाराच्या अंतरापेक्षा कितीतरी कमी असते, म्हणून त्याला वजनाच्या पटीत ओढावे लागते. साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो, तो यामुळे. हा स्नायू कमी पडला की उचललेल्या पायाकडची श्रोणी खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये जन्मजात खुबा निखळलेल्या रुग्णांच्या चालीत हे लक्षण वर्णिले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उभे असताना अगदी समांतर दिसणारी कंबर एका पायावर आली की झुकू शकते. उलट उभे असताना कलती दिसणारी कंबर धावताना पूर्ण ताब्यात असू शकते.

दोन पायांवरच्या व्यायामात गोष्ट वेगळी घडते. दोन्ही खुब्यांच्या केंद्रांमधले अंतर साधारण १७-१८ सेंटिमीटर धरले, तर एक पाय एक सेंटिमीटर आखूड असल्यास उभे राहताना श्रोणी सुमारे तीन अंश कलते. स्क्वॉटमध्ये खाली गेल्यावर मात्र आखूडपणा नडगीत आहे की मांडीत, यावर चित्र अवलंबून असते. नडगी आखूड असेल तर त्या बाजूचा गुडघा आणि पाठोपाठ खुबा खाली राहतो. मांडी आखूड असेल तर त्या बाजूचा खुबा पुढे राहतो आणि श्रोणी फिरते. आरशात समोरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

स्क्वॉटमधून वर येताना कंबर एका बाजूला सरकणे ही जिममधली सर्वांत नेहमीची तक्रार. ती तपासायची एक साधी, पण क्वचितच पाळली जाणारी पद्धत आहे. मोबाइल कमरेच्या उंचीवर मागच्या बाजूला ठेवून हलक्या वजनाचे पाच रेप चित्रित करायचे. मग दोन्ही टाचांखाली पाच-पाच किलोच्या पातळ प्लेट ठेवून पुन्हा पाच. सरकणे नाहीसे झाले, तर दोष कमरेत नसून न वाकणाऱ्या घोट्यात आहे: टाच उंचावली की त्याच्यावरची मागणी कमी होते. मग प्लेट काढून फक्त एका पायाखाली पातळ फळी ठेवून पाहायचे. तेवढ्याने फरक पडला, तर पायाच्या लांबीचा संशय घ्यायला जागा आहे. आणि हलक्या वजनाला सरळ असलेली कंबर वजन वाढल्यावरच सरकत असेल, तर एका बाजूची ताकद कमी पडते आहे. तीन कारणे, तीन वेगळे उपाय. ‘कंबर सरळ ठेवा’ ही सूचना यांपैकी एकालाही पुरत नाही. चौथी शक्यता हाडाची असते. मांडीच्या हाडाच्या मानेला असलेला पीळ प्रौढांत सरासरी पंधरा अंशांच्या आसपास असतो, पण दोन बाजूंना तो सारखा नसतो. अशा माणसाने एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे बाहेर वळवून स्क्वॉट केला, तर कंबर आपोआप मध्यावर राहते. पावले समांतर हवीत म्हणून ट्रेनरने ते सरळ करायला लावले, की खुब्यात अडकल्यासारखे वाटू लागते.

डेडलिफ्टमध्ये एक तळहात पुढे आणि एक मागे अशी पकड घेणारे बहुतेक जण वर्षानुवर्षे तीच बाजू वापरतात, आणि धड दर वेळी त्याच दिशेने थोडे पिळले जाते. हात आलटून-पालटून घेतले की प्रश्न मिटतो. सूर्यनमस्कारात पाय मागे नेताना दर आवर्तनात पाय बदलायचा असतो, तरी घाईत एकच पाय पुढे राहण्याची खोड अनेकांना असते. डांबरी रस्ता पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावणाऱ्याचा उताराकडचा पाय जणू लांबीला कमी पडतो आणि एरवी न जाणवणारा मिलिमीटरांचा फरक तिथे दुप्पट होऊ शकतो, किंवा नशिबाने भरूनही निघतो.

असमानता आणि कामगिरी यांचे नाते सरळ नाही, हे सांगायला दोन खेळाडू पुरेसे आहेत. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टच्या कण्याला बाक आहे आणि त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड आहे. अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या एका शर्यतीच्या चित्रीकरणावरून केलेले विश्लेषण २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार उजवे पाऊल जमिनीवर सुमारे १३ टक्के अधिक जोराने आदळत होते, तर डावे सुमारे १४ टक्के अधिक काळ टेकलेले राहत होते. ही असमानता काढली असती तर तो आणखी वेगाने धावला असता की हळू, याचे उत्तर संशोधकांकडेही नव्हते. बाकाने बोल्टला तरुणपणी दुखापती दिल्या, हेही खरे. त्याने त्यावर उत्तर शोधले ते धड आणि कमरेचे स्नायू बळकट करण्याच्या रोजच्या कंटाळवाण्या व्यायामात. दोन्ही पावले सारखी पाडण्याच्या प्रयत्नात नव्हे. दुसरा खेळाडू अमेरिकी पॉवरलिफ्टर लामार गँट. त्याच्या कण्याचा बाक तीव्र होता. १९८५ मध्ये सुमारे ६० किलो वजनाच्या गँटने ३०० किलोची डेडलिफ्ट केली, म्हणजे स्वतःच्या पाचपट. बाकामुळे धड आखूड आणि हात तुलनेने लांब झाल्याने बारला कमी अंतर कापावे लागत होते. हे उदाहरण अनुकरणासाठी नाही. पण ‘कंबर सरळ झाल्याशिवाय वजन नको’ हा दंडक सरसकट लावता येत नाही, हे त्यातून दिसते.

घरच्या घरी करता येण्याजोग्या चाचण्या थोड्याच, पण उपयोगाच्या आहेत. जमिनीवर उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवावेत, टाचा एका ओळीत ठेवाव्यात आणि दुसऱ्या कुणाला गुडघे पाहायला सांगावेत. पायथ्याकडून पाहताना एक गुडघा खाली दिसला तर त्या बाजूची नडगी आखूड. बाजूने पाहताना एक गुडघा मागे राहिलेला दिसला तर मांडी आखूड. इटालियन अस्थितज्ज्ञ गालेआत्सी यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. अचूक लांबी मात्र उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रातूनच कळते. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय ठेवला की भाराची वाटणी दिसते. दोन-तीन किलोंचा फरक मनावर घेऊ नये. खुर्चीतून एका पायावर किती वेळा उठता येते आणि कुशीवर झोपून कोपरावर तोललेला साइड प्लँक प्रत्येक बाजूला किती सेकंद टिकतो, या दोन आकड्यांतून सरावाच्या दृष्टीने सर्वाधिक माहिती मिळते. डाव्या-उजव्यात १० ते १५ टक्क्यांपर्यंतचा फरक प्रशिक्षक सहसा चालवून घेतात. हा आकडा व्यवहारातून आलेला आहे, काटेकोर सीमारेषा नव्हे.

सरावाची मांडणी या आकड्यांवरून ठरते. एका पायाचे व्यायाम, म्हणजे एक पाय पुढे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, पायरीवर चढणे, एका पायावरची डेडलिफ्ट, आठवड्यातून दोनदा ठेवावेत. सुरुवात कमजोर बाजूने करावी आणि तिला जितके रेप जमले तितकेच दुसऱ्या बाजूला करावेत. बळकट बाजूची ताकद त्याने घटत नाही, फक्त ती पुढे पळत नाही. एका हातात वजन धरून चालणे हा श्रोणी समांतर ठेवणाऱ्या स्नायूंचा उत्तम व्यायाम आहे. उजव्या हातात भार असला की डाव्या बाजूला काम करावे लागते. त्यासाठी जिमची गरज नाही. पाण्याने भरलेली बादली धड न झुकवता पन्नास पावले नेणे म्हणजे तोच व्यायाम, आणि पाणी सांडले की चूक लगेच कळते. घोटा अडलेला असेल तर भिंतीसमोर उभे राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याचा सराव करावा. दोन पायांवरचे व्यायाम बंद करण्याचे कारण नसते. कंबर जिथे सरकू लागते त्याच्या थोडे खाली वजन ठेवावे आणि एका पायाची ताकद वाढेल तसे ते वर न्यावे. बदल दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत आरशातली कंबर पूर्वीइतकीच कलती राहील, पण स्क्वॉट सरळ होईल. ज्यांना यात विरोधाभास वाटतो, ते आरशाला अवाजवी महत्त्व देत असतात.

काही बाबतींत व्यायामाआधी डॉक्टर गाठावा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपमोड करणारे दुखणे, पडल्यानंतर सुरू झालेले लंगडणे, वाढत्या वयातल्या मुलाची एक बाजू काही महिन्यांत झपाट्याने उंच दिसू लागणे ही अशी लक्षणे. लघवी-शौचावरचा ताबा कमी होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. गरोदरपणी सुमारे पाचपैकी एका स्त्रीला श्रोणीच्या सांध्यांत दुखते. तेव्हा एका पायावर भार देणारे व्यायाम दुखणे वाढवू शकतात. पाय जवळ ठेवून, दोन्हींवर सारखा भार देऊन केलेले व्यायाम बहुधा सोसतात.

पायाच्या लांबीतला फरक मोठा असेल आणि त्रास त्याच्याशी जुळत असेल, तर बुटात उंची घातली जाते. ती एकदम पूर्ण फरकाइतकी देत नाहीत. तीन ते पाच मिलिमीटरने सुरुवात करून, त्रास कमी होतो का हे पाहत वाढवतात. एक सेंटिमीटरच्या पुढची उंची बुटात मावत नाही, ती तळव्याला बाहेरून लावावी लागते. भारतात हा उपाय निम्माच चालतो, कारण घरात, योगवर्गात आणि तालमीच्या मातीत माणूस अनवाणी असतो. बुटातली उंची उंबऱ्याबाहेर राहते. अशा वेळी बैठका किंवा उभ्याने करायची आसने करताना आखूड पायाखाली तेवढ्याच जाडीची फळी किंवा घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवता येते. पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत ठोकळे, पट्टे आणि घोंगड्या यांचा असा वापर जुना आहे. जोर काढताना भार हातांवरही वाटला जातो आणि पाय मागे पसरलेले असतात. तिथे फळीची गरज पडत नाही.